शून्यकेतूचा डोळा

अंक सातमध्ये शून्यकेतूचा डावा डोळा गेला.
अंक अकरात उजवा.
अंक चौदात तो दोन्ही डोळ्यांनी
बर्फाच्या कड्यावरून समुद्रातली पाणबुडी बघत होता.

मी सातवीत. परभणीला, स्टेशन रोडवर
मुनव्वरचाचांची टपरी.
चाराणे रोज, उशीर झाला तर आठाणे,
पान दुमडलं तर चाचांची नजर, तिचा भाव वेगळा.
सुतळीवर अंक वाळत घातल्यासारखे
आणि एकाच खलनायकाची एकोणीस तोंडं
उन्हात रिक्षांकडं बघत लोंबकळायची.
कुठं मिशी. कुठं नाही.
एका मुखपृष्ठावर तर हाताला सहा बोटं.

मला सहन होईना. बॉलपेन काढलं,
समासात, बारीक अक्षरात:
‘अंक नऊमध्ये हा अनाथ होता. मग ही आई कुठली?’
‘पाण्याला भितो ना? मग महाल तळ्याच्या बुडाशी कसा?’

आठवड्यानं तोच अंक परत घेतला.
माझ्या ओळीखाली हिरव्या शाईत कुणीतरी:
‘सावत्र असेल. तुला काय त्रास?’
आणि पुढच्या पानावर:
‘भितो म्हणूनच तिथं राहायला गेला.’

मग ते चालूच झालं.
मी निळा, ते हिरवं.
बाई की बुवा, शाळेतलं की गंगाखेड नाक्याचं,
कधी कळलं नाही.
‘अख्खं गाव जाळणारा माणूस
अंक बावीसमध्ये त्या पोराला का सोडतो?’
हिरवं म्हणालं:
‘पोराच्या पायात चप्पल नाही. चित्र नीट बघ.’
बघितलं. खरंच नव्हती.
मागच्या चौकटीत होती, पुढच्या चौकटीतही होती,
चित्रकार मध्येच विसरला होता.
त्या रात्री मला झोप लागायला
बराच वेळ लागला.

चाचा सांगायचे, लिहिणारे चौघं होते.
एक वीज मंडळात चिकटला,
एकाला शून्यकेतू मनातून आवडायचा,
एकानं आधीचे अंक वाचलेच नव्हते.
चौथ्याचं ते कधी सांगत नसत.

अंक एकतीसपासून हिरवं थांबलं.
बदली, बोर्डाची परीक्षा,
नाहीतर नुसती शाई संपली असेल.
मी वाट बघितली. माझे प्रश्न
समासात एकटेच सुकत राहिले.
शेवटी कल्याण मंडपापुढच्या दुकानातून
हिरवं पेन आणलं
आणि स्वतःलाच उत्तरं द्यायला लागलो.
जमेनात. माझा हिरवा फार शहाणा बोलायचा.

चाचांनी धरलं एकदा, अंक उघडाच हातात.
‘नीला तेरा. ये हरा भी तेराच क्या?’
मी म्हणालो, हौ.
‘पुराना वाला भी?’
हौ.
दोघांचा दंड भरला. साडेतीन रुपये,
गॅदरिंगच्या सहलीला ठेवलेले.
चाचांनी मोजून घेतले,
मग एक चाराणा परत केला. का, ते विचारलं नाही.

आता मी शाळेत शिकवतो
आणि निवडणूक आली की यादी घेऊन दारोदार फिरतो.
परवा वसमत रोडला, पत्र्याच्या घरात
किसनराव गंगाराम खिल्लारे,
तीन ठिकाणी नाव, तीन वयं:
अठ्ठावन्न, एकाहत्तर, चौतीस.
एकीकडं बापाचं नाव संभाजी.
म्हणालो, काका, यातले खरे तुम्ही कोणते?
म्हातारा बिडी विझवत म्हणाला,
‘तिन्ही बी मीच हाव सर. लिहिणारेच बदलायलेत.’

खिशात लाल पेन होतं. दोन नावं खोडायची होती.
समासात जागा भरपूर होती.
तेवढ्यात आतून त्यांची नात
पाण्याचा तांब्या घेऊन आली,
आणि मी आधी
तिच्या पायांकडं बघितलं.